टिंबांच्या जागी

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. न्हावा शेव्याच्या बंदराजवळ आमचं ऑफिस होतं, आलेल्या मालाची कस्टमची कागदपत्रं करून देणारं, आणि तिथे ते कागद तपासायला बसत. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातलं एक चुकलं तरी माल बंदरातच अडकून पडतो. मास्तर प्रत्येक नंबर बोट ठेवून, ओठ हलवून वाचायचे, पहिलीतल्या पोरांना शिकवावं तसे. म्हणून मास्तर. नवीन आलेली मुलं हसायची. स्वतःच्या हातून पहिला कंटेनर अडकला की हसणं थांबायचं.

माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. पहिल्याच आठवड्यात एक पुसट प्रिंट माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "हा तीन की आठ?"

"बहुतेक आठ."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे आठच असणार, सर."

"म्हणजे तुला माहीत नाही. मग तसं सांग की. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्यांनी माल मागवणाऱ्या पार्टीला फोन लावला. तीन होता.

त्यांच्या रजेच्या अर्जांची ऑफिसात फोटोकॉपी निघायची. कारणाच्या रकान्यात लोक 'ताप' लिहितात, 'घरगुती काम' लिहितात. मास्तर लिहायचे, 'ऊन चांगले आहे.' साहेबांनी एकदा बोलावून विचारलं, तर मास्तरांनी त्यांना अर्धा तास समजावलं. दगडावर झिजलेलं अक्षर भरदुपारी दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की खाचेत सावली भरते, आणि मग ते वाचता येतं. पावसाळ्यानंतर असं स्वच्छ ऊन मोजकेच दिवस मिळतं. साहेबांनी हात जोडले आणि अर्ज मंजूर केला. पुढे तर तेच मला विचारायचे, "काय रे, आज ऊन कसं आहे? तुझा मास्तर पळणार का?"

जुने शिलालेख वाचणं हा मास्तरांचा नाद. त्याचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं नव्हतं. वडील साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी. लहानपणी मास्तर त्यांचा डबा घेऊन जायचे आणि पोत्यांवरचे छाप वाचत बसायचे. गोणपाटावर अक्षर कधी सरळ उमटत नाही, अर्धं धाग्यात बुडतं. "तिथेच शिकलो," ते सांगायचे. "पोत्यावरचं जमलं की दगडावरचं जमतं." पुढे ग्रंथालयातून पुस्तकं आणून, रद्दी झालेल्या चलनांच्या पाठीवर जुन्या अक्षरांचे तक्ते काढून ते हळूहळू वाचायला लागले. त्यात वीस वर्षं गेली, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं की मी कधीकधी त्यांच्याबरोबर जायचो. रस्त्याने जाणं हा एक तापच होता, कारण ते प्रत्येक पाटी वाचायचे. शिरवण्यात एका केशकर्तनालयाच्या काचेवर 'स्वछ सेवा' लिहिलं होतं. मास्तर आत गेले, दाढी करून घेतली आणि मग नम्रपणे म्हणाले, "तेवढा च् राहिलाय. मी घालून देऊ का?" न्हावी म्हणाला, "काका, गिऱ्हाईक च् बघून येतं काय?" मास्तरांनी खिशातून खडू काढला, परवानगी मिळेपर्यंत तसेच उभे राहिले आणि शेवटी च् घालूनच निघाले. पुढचे कित्येक महिने त्यांनी तिथेच दाढी केली. त्यासाठी घरी जाताना मध्येच सीवूड्सला उतरून रिक्षा करायचे.

आमच्या गावातल्या दगडाबद्दल मीच त्यांना सांगितलं.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. आम्ही मूळचे आगरी, आमची शेतं आणि मिठागरं होती. त्यावर आता टॉवर आहेत. गावामागे महादेवाचं देऊळ, आणि त्याच्यामागे झाडोऱ्यात जुन्या देवळांची मोडकी जोती, कोरडा पडलेला तलाव आणि एक उभा दगड. दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि खालचा भाग जमिनीत गेलेला. गाव त्याला तेल घालायचं. तो कोपतो म्हणून पोरांना जवळ जाऊ द्यायचे नाहीत.

मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा देवळाची झाडलोट करणारी म्हातारी आडवी आली. "काय कराचा हाय? त्या देवाला हात नको लावू. कोपंल."

मास्तर चपला काढून तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला समजेल असं सांगितलं, की बाई, हा देव नाही, ही शिवी आहे. कोणीतरी देवळाला जमीन दिली होती. ती जो बळकावेल त्याला, अशा दगडांवर खाली गाढव कोरून, अशी शिवी दिलेली असते, की ती तुमच्यासमोर सांगता येत नाही.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमची जमीन ज्यानी घेतली त्यांची नावां मला पाठ हायत. आनखी एक दगूड कोरून दे मास्तर."

त्या दिवसापासून मास्तर गावात आले की ती त्यांना तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून द्यायची. मास्तर माळकरी. ते चटणी कागदात बांधून मला द्यायचे आणि नुसती भाकरी चहाबरोबर खायचे. तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

लेखाचा ठसा घेताना त्यांना बघणं म्हणजे एखाद्या आजारी माणसाचं अंग पुसताना बघण्यासारखं होतं. आधी दगड नुसत्या पाण्याने धुवायचा. ओला कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशने हलक्या हाताने ठोकत राहायचं, म्हणजे कागद खाचांत शिरतो. तो वाळत आला की कापसाच्या बोळ्याने वरून शाई टिपायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचं काळं होतं. कागद वाळेपर्यंत मास्तर दगडाकडे पाठ करून बसायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बघत बसलो की मन अक्षरं बनवायला लागतं. आपल्याला जे पाहिजे तेच दिसतं."

त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. जे अक्षर पक्कं ते लिहायचं, जे नाही तिथे टिंब. काही पानांवर चार शब्द आणि बाकी नुसती टिंबं. मी म्हणायचो, "सर, मागचं-पुढचं बघून अंदाज बांधता येतो की." ते म्हणायचे, "तो अंदाज तुझा. त्या माणसाचा नव्हे."

मग गावाने महादेवाचं नवं देऊळ बांधायचं ठरवलं. माझे सख्खे चुलते कमिटीचे अध्यक्ष. मागच्या बाजूला पायासाठी जेसीबी लावला आणि दुसऱ्याच दिवशी एका जुन्या देवळाचं अख्खं जोतं उघडं पडलं. दोन खांब निघाले, आणि एक लांब शिळा, जिच्यावर सहा ओळी कोरलेल्या होत्या. काम थांबलं. सगळं गाव जमलं. काकांनी मला फोन केला, "तुज्या त्या घाटी मास्तराला घेऊन ये. काय लिवलंय ते कलूं दे."

देऊळ आणि झाडोरा यांच्यामधली मोकळी जागा सरकारी नकाशात रस्त्यासाठी दाखवलेली होती. गावाची जत्रा तिथेच भरते. जागा जाणार म्हणून गाव वर्षभर अर्ज करत होतं, मोर्चे काढत होतं. आता दगडावरच काहीतरी लिहिलेलं निघालं म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांत आशा आली. माझ्याही.

मास्तरांनी ठसा घेतला आणि पंधरा दिवस मागितले. "पंधरा कशाला?" काका म्हणाले. मास्तर म्हणाले, "दोन ओळी फार झिजल्यात. चुकीचं सांगण्यापेक्षा उशिरा सांगितलेलं बरं."

चौथ्या दिवशी ते डबा धुवायला गेले असताना त्यांची वही टेबलावर उघडी होती. मी ती वाचली. पहिल्या दोन ओळींत राजाचं नाव आणि त्याच्या पदव्या. मग टिंबं. मग 'दिलं' असा अर्थ होणारा शब्द. मग पुन्हा टिंबं, आणि शेवटी चंद्र-सूर्य असेतोवर. राजाचं नाव अशा सगळ्याच लेखांत सुरुवातीला येतं, जसं आपण पत्रावर तारीख घालतो, हे मास्तरांनी मला पूर्वी दहा वेळा सांगितलं होतं. मला ते ठाऊक होतं. तरीही त्या संध्याकाळी मी पांढरा शर्ट घालून त्या शिळेजवळ उभा राहिलो, चुलतभावाच्या हातात मोबाईल दिला आणि बोललो. म्हणालो, की हजार वर्षांपूर्वी राजाने ही सगळी जमीन आपल्या गावाला कायमची दिल्याचं या दगडावर लिहिलेलं आहे. टिंबांच्या जागी मी माझं गाव घातलं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ सगळीकडे गेला. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर शिळेचा फोटो आणि बाजूला माझा. काकांनी मला शाल घातली. आईने तो व्हिडिओ माहेरच्या सगळ्यांना पाठवला.

मास्तरांना ऑफिसातल्या कुणीतरी दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. मला म्हणाले, "अरे, हे कुठे आहे त्यात?"

"सर, अर्थ तोच होतो ना?"

"नाही होत. माझं अजून चाललंय, पण तो होत नाही. तू उद्याच्या उद्या गावात सांग, की घाई झाली."

मी हो म्हटलं. सांगितलं नाही. एकदा फ्लेक्स लागल्यावर कसं सांगायचं?

पुढच्या रविवारी सरकारी खात्यातून एक तज्ज्ञ बाई आल्या. देवळासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या, चाळीस-पन्नास माणसं होती. मास्तरही आले होते, खांद्याला शबनम पिशवी लावून, मागे उभे. बाईंनी तासभर शिळा पाहिली आणि मग शांतपणे सांगितलं, की यात गावाला जमीन दिल्याचं काही नाही. एका मीठ पिकवणाऱ्या माणसाची विधवा होती. तिने आपल्या मिठागराच्या उत्पन्नातून या देवळातला दिवा कायम तेवत राहावा म्हणून तेलाची सोय केली. तेवढंच. लेख फार मोलाचा आहे, असंही त्या म्हणाल्या. पण ते कोणी ऐकलं नाही.

बाईंनी विचारलं, "व्हिडिओतलं वाचन कोणी केलं?"

सगळे माझ्याकडे वळले. काका माझ्याकडे बघत होते, शाल घालताना बघितलं होतं तसेच. मी तोंड उघडलं, आणि जे बोललो ते मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं.

"मास्तरांनी. त्यांनी सांगितलं तेच मी बोललो."

मी मागे वळून पाहिलं नाही. मागून मास्तरांचा आवाज आला. "हो. वाचन माझं. चूक झाली."

बाईंना ते पटलं नसावं. त्या म्हणाल्या, "तुमची नोंदवही आहे का? मला बघायला आवडेल."

"घरी आहे," मास्तर म्हणाले.

तेव्हा मात्र मी वळलो. वहीचा निळा कोपरा शबनममधून बाहेर दिसत होता. मास्तरांनी त्यावर हात ठेवला. त्या वहीत, मला नंतर कळलं, ती विधवा होती, ते मिठागर होतं, दिवाही होता. बाईंनी जे सांगितलं ते सगळं त्यांनी आदल्या गुरुवारीच वाचून काढलं होतं. वही उघडली असती तर मी उघडा पडलो असतो.

कोणीतरी म्हणालं, "घाट्याला काय कलतंय आमचे गावचा?" काका म्हणाले, "परक्या मानसाला हात लावू दिला हीच चूक. परत इकडं येऊ नका, मास्तर." मास्तरांनी मान हलवली. जोत्याच्या कडेला ठेवलेला त्यांचा ब्रश आणि शाईची डबी त्यांनी उचलली. म्हातारी देवळाच्या पायरीवर बसली होती. तिच्याजवळ थांबून ते काहीतरी बोलले आणि निघाले. गावाच्या कमानीपर्यंत त्यांना सोडायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

मला वाटलं होतं, सोमवारी ते माझ्याशी बोलणार नाहीत. ते रोजच्यासारखे आले. डबा उघडल्यावर भाजीचा अर्धा भाग माझ्या झाकणात वाढला. "मेथी आहे," म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, साहेबांकडे तक्रार केली असती, तर मी त्यांना तिथेच काहीतरी उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही.

मात्र त्यानंतर त्यांनी रजेचा अर्ज दिला नाही. पावसाळा संपला, ऊन स्वच्छ पडायला लागलं. खिडकीतून त्यांच्या टेबलावर तिरपी तिरीप यायची आणि ते तिथेच बसून कंटेनरचे नंबर तपासायचे. साहेबांनी विचारलं, "काय मास्तर, यंदा ऊन नाही वाटतं?" मास्तर हसले. मी संगणकाकडे बघत राहिलो.

अशी तीन वर्षं गेली. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर टेबलावरच्या हाराकडे बघत होते.

त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्या घरी गेलो. कोपरखैरण्याला माथाड्यांच्या वसाहतीत, खाली एक खोली आणि वर एक. मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं. साखरेने मास्तरांची नजर फार कमी झाली होती. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी खाली मान घालून बसलो आणि सुरुवात केली, "सर, त्या दिवशी..."

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "मला माहीत आहे. मी तिथेच होतो."

"माफी मागायला आलोय."

"तीन वर्षं तुझ्या शेजारी बसलो. रोज वाटायचं, आज हा म्हणेल, सर, चला, गावात जाऊन येऊ." ते रागावून बोलत नव्हते. एखादा हिशोब न लागलेला माणूस बोलतो तसं बोलत होते. "माझं सोड. आयुष्यभर मी एक अक्षर अंदाजाने वाचलं नाही. आणि जे मी वाचलंच नाही, ते तुमच्या गावात माझ्या नावावर आहे. ते काढ."

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? वही तुमच्याजवळ होती."

त्यांनी मांडीवरची चादर हाताने सारखी केली. मग म्हणाले, "तुझी आई पुढे बसली होती."

मी आधी काकांकडे गेलो. ओट्यावर बसून ते जाळं दुरुस्त करत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी ठावं होता."

"कसं?"

"तो मानूस पंधरा दिस मागत होता आनि तू चार दिसांनी बोललास. कोनालाबी कललं असतं. अर्ध्या गावाला कललं होतं."

"मग बोललात का नाही?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "तू आमचा पोर. तो कोन?"

म्हणजे त्या दिवशी मास्तर ज्या लोकांसमोर माझं पाप स्वतःवर घेत होते, त्यातल्या अर्ध्यांना ते पाप माझं आहे हे माहीत होतं. आणि मास्तरांनाही ते त्यांच्या तोंडांवर दिसलं असणार.

त्या वर्षी जत्रेत कार्यक्रमांची घोषणा माझ्याकडे होती. आरती झाल्यावर मी माइकवर म्हटलं, "एक सांगायचं राहिलं होतं. शिळेच्या व्हिडिओत जे सांगितलं ते वाचन मास्तरांचं नव्हतं. ते माझं होतं, आणि ते चुकीचं होतं. मास्तरांनी लेख बरोबर वाचला होता." लोकांनी ऐकलं. एक-दोघांनी माना हलवल्या. मग बैलांच्या बक्षिसाची नावं पुकारायची होती, ती पुकारली. मला इतकं हलकं वाटलं, की घरी येऊन मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोपरखैरण्याला गेलो. मास्तर पलंगावर बसले होते. मी सांगितलं, झालं, गावासमोर सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढे केला, माझा हात धरला आणि म्हणाले, "नेमकं काय म्हणालास? शब्द सांग."

मी शब्द सांगितले. ते डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा सांगायला लावले. पुन्हा सांगितले.

"व्हिडिओ तुझा, हे सांगितलंस. माझं वाचन बरोबर होतं, हेही सांगितलंस." ते थांबले. "बाईंनी विचारल्यावर तू माझं नाव घेतलंस, ते?"

मी त्यांच्या हातातल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"ते सांगितलंस का?"

"नाही, सर."

त्यांनी माझा हात सोडला, जोरात नाही, हळूच पलंगावर ठेवला. "म्हणजे तुझी चूक सांगितलीस," ते म्हणाले, "तुझं खोटं तसंच ठेवलंस." मग त्यांनी काकूंना हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत गावची जत्रा दोनदा भरली. दोन्ही वेळा माइक माझ्याच हातात होता, आणि मी फक्त बक्षिसांची नावं पुकारली.